रापणीतली आयेची टोपली

१२ नोव्हेंबर २००६
आये पडल्याला महिना होऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण ब्याऐंशीचं वय, धरूनच चालवायचं, एकटं सोडायचं नाही. सोडणार कोण? घरात आम्ही दोघीच. ती सासू, मी सून, दोघी विधवा. मी निवृत्त शिक्षिका, म्हणजे रिकामी, असं सगळ्यांचं ठरलेलं.

पण आज पुण्याहून मनूचा फोन. डॉक्टरांनी तिला पूर्ण झोपून राहायला सांगितलंय. तारीख जानेवारीची, पण भरवसा नाही. रडत होती. "आई, तू कधी येतेस?" लेक एकुलती, सासरी बघणारं कोणी नाही. तिकडे जाऊ की इकडे राहू?

संध्याकाळी भावजींना, म्हणजे आयेच्या दुसऱ्या मुलाला, डोंबिवलीला फोन लावला. "वैनी, आमची जागा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एखादं चांगलं वृद्धांचं होम बघा की. अर्धे पैसे मी देतो." अर्धे! जशी आईसुद्धा अर्धीच आहे. फोन आपटला. मग वाटलं, तो तरी काय करणार?

१५ नोव्हें.
मालवणात जाऊन आयेसाठी सरकारी पेन्शनीचं विचारलं. मुलगा कमावता आहे ना, मग बसत नाही. म्हातारपणी सरकारकडून हातात काय, तर एस.टी.चं अर्धं तिकीट. ते घ्यायला आधी एस.टी.त चढता आलं पाहिजे!

कट्टा गावात, माझ्या माहेरी, भावाने घरात राहणारी बाई शोधून बघितली. नाही मिळत. सगळ्या काजूच्या कारखान्यात जातात. कशाला येतील म्हातारीचं करायला?

१९ नोव्हें.
भावाबरोबर कोल्हापूरला होम बघून आले. खरं सांगायचं तर थक्क झाले. स्वच्छ फरशी, प्रत्येक खाटेला घंटा, न्हाणीघरात धरायला दांडे. माझ्या घरी न्हाणीत अजून दगड आहे. त्यावर मीच जपून पाय ठेवते. तिथल्या बाई गोड बोलणाऱ्या. पण एकेक विचारत गेले तसा आकडा चढत गेला. राहण्याखाण्याचे एवढे, अनामत वेगळी. आंघोळ घालायला माणूस, ते वेगळं. रात्री उठवायला, वेगळं. व्यायाम करून घ्यायला येतात, त्यांचं वेगळं. शेवटी भाऊच म्हणाला, "श्वास घेण्याचे धरले का यात?" बाई हसल्या, मीही हसले. माझी पेन्शन आणि भावजींचे अर्धे घातले तर जमेल कसंबसं.

जेवणात मासे नाहीत. आठवड्याला एक अंडं.

बाहेर पडताना व्हरांड्यातले एक आजोबा म्हणाले, "मालवणच्या का? बांगडा लागला काय किनाऱ्याला?" म्हटलं, लागलाय. मान हलवत बसले. आगाऊ रक्कम भरली. एक तारखेपर्यंत खाट आयेच्या नावाने राखली.

२२ नोव्हें.
आयेला सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते, ऐन वेळी सगळे पळाले. तिने ऐकून घेतलं. बराच वेळ पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. मग म्हणाली, "बरां. पण माज्या वाट्याचा काय?"

घ्या! हिला वाट्याची काळजी.

सासरे रापणीतले. रापण म्हणजे होडीने लांबलचक जाळं समुद्रात टाकायचं आणि दोन्हीकडच्या दोऱ्या सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या. सासरे गेले तरी त्यांचा वाटा आयेकडे चालू. रापणीच्या मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या छपरात, प्रत्येक घराची टोपली असते. आये ओढायला जावो न जावो, तिच्या टोपलीत मासळी पडतेच. हे होते तेव्हा फिरतीच्या नोकरीवर, मी शाळेत. आमच्यापैकी कोणी कधी दोरीला हात लावला नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला ते फुकटचं खाणं वाटायचं. मी कट्ट्याची, शेतकऱ्याची पोर. आमच्याकडे न राबणाऱ्याला मूठभर भात कोणी देत नाही.

२६ नोव्हें.
दुपारी मांगरात गेले. पुरुष जाळ्यावर आडवे झालेले, कोणी जागं नव्हतं. आयेची टोपली उचलली, पदराखाली धरून घरी आणली. माणूस इथे नसताना त्याचा वाटा घेत राहायचा? माझ्याने होणार नाही. तोंडाने सांगायचं म्हणजे होमचं सांगावं लागणार. चाळीस तोंडं, चाळीस प्रश्न. एवढी शाळा शिकवली, पण म्हातारीला ठेवायला चाललेय हे म्हणवेना. लाज वाटली, बस्स.

टोपली चुलीमागे ठेवली. उद्या सांगेन दाजीला. दाजी रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, त्याचा शब्द चालतो.

२७ नोव्हें.
काय लिहू?

सकाळी पेज घेऊन आयेला पडवीत बसवलं आणि पाणी आणायला मागच्या दारी गेले. कुंपणाशी माणसं. एकदोन नव्हे, अख्खी वाडी! शेजारची शेवंती डोळे पुसत होती. दोघांच्या खांद्यावर लाकडं. एकाच्या हातात नवं मडकं. दाजी पुढे आला. "बाई, आये कधी गेली? आमका सांगलास नाय?"

मला काही कळेना. "कुठे गेली?"

तेवढ्यात पडवीतून आवाज. "कोण रे तो? दाजी? रापण टाकूक नाय आज?"

मडकंवाल्याने मडकं पाठीमागे लपवलं. शेवंतीने तोंडात पदर कोंबला. दाजीने दारातून आत वाकून आयेला बघितलं. म्हणाला, "माणूस गेल्याबगर टोपली हलणा नाय, बाई. पहाटे बगलंव, आयेची टोपली नाय."

आणि ज्या दिवशी टोपली हलते त्या दिवशी रापण टाकायची नाही, अशी यांची रीत. पस्तीस वर्षं या घरात नांदले आणि मला माहीत नव्हतं! मी किनाऱ्याकडे बघितलं. जाळं वाळूवर कोरडं. काल संध्याकाळी बांगडा किनाऱ्याला लागून होता, पाणी काळं दिसत होतं. तो सगळा सोडून ही माणसं एका म्हातारीसाठी कोरड्या कपड्यांनी उभी. तिच्या टोपलीला फुकटची म्हणणारी मी!

मग सगळं सांगावं लागलं. कोल्हापूर, खाट, मनू.

पडवीतून आयेच बोलली. पेजेची वाटी खाली ठेवून. "माका मसणात पोचवूक इलास मां? बरां केलास. माज्या मरणाक दिस मोडलास. आता माज्या जित्येपणाक दिस कोण मोडता तां बगतंय."

दाजीने टोपली मागितली. मी आणून दिली. त्याने ती झटकली, खांद्यावर टाकली आणि तो मांगराकडे चालू लागला.

२८ नोव्हें.
पहाटे दारात शेवंती. "आज माजी पाळी."

कसली पाळी? तर काल मांगरात बसून त्यांनी ठरवलं. ज्या घराच्या टोपल्या मांगरात, त्या प्रत्येक घरातून एक बाई, एक दिवस आयेचं बघणार. रात्री सोबतीला शेवंतीची सासू. न्हाणीतल्या दगडाशी धरायला दांडा बसवायला सुतार पण येणार म्हणे.

मला आनंद व्हायचा तर आधी रागच आला. "मला कोणी विचारलं?"

शेवंती आयेचे केस विंचरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमका कित्याक इचारूचा, बाईनू? वाटो तिचो आसा."

स्वैपाकघरात गेले आणि ढसाढसा रडले. अशी माणसं असतात? आणि मी कुठल्या गावात राहत होते इतकी वर्षं?

३० नोव्हें.
भावजींचा फोन. "वैनी, चार दिवस करतील हौसेने. मग?" चिडून फोन ठेवला. खरंच, मग? पावसाळ्यात रापण बंद असते, तेव्हा? आयेचं अंथरूण ओलं होतंय अधूनमधून, ते शेजारणीने किती दिवस धुवायचं?

इकडे आयेने आजच्या पाळीवालीशी बांगड्याचं तिखलं पांचट झालं म्हणून भांडण काढलंय. होममध्ये काय अंड्याशी भांडली असती?

कोल्हापूरच्या बाईंना म्हटलं, पंधरा दिवस द्या. म्हणाल्या, दुसरं कोणी थांबलंय, पण ठेवते.

३ डिसें.
मनूला दवाखान्यात नेलं. सकाळच्या गाडीने निघते. आयेच्या पाया पडले. "जा, जा, लेकीक बग," म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. पिशवी उचलवत नव्हती.

९ डिसें., पुणे
मनूला मुलगी झाली काल. मूठभर. काचेच्या पेटीत ठेवलीय. तिच्या अंगाला नळ्या, बघवत नाही. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू. नर्सेस पाळीपाळीने बसतात तिच्याजवळ. एक उठली की दुसरी. मनूला धीर देते.

शेवंतीकडे दुपारभर फोन लावला, कोणी उचलेना. नको नको ते मनात आलं. संध्याकाळी तिने उचलला एकदाचा.

"कुठे होतीस गो?"

"रापणीर."

"आणि आये?"

"ती पण. खुर्चेत बसवून चौगांनी उचलून व्हरली."

"ती काय करणार तिथे?"

"दोरयेक हात लावलान. बांगडो इलो खूप."

मग आये फोनवर आली. फोनवर ओरडूनच बोलायचं असतं असा तिचा समज. "पोर कशी आसा?"

म्हटलं, फार बारकी आहे, आये. काचेत ठेवलीय. काय होतंय बघायचं.

मग म्हणाली, "दाजीक सांगलंय. तिची टोपली ठेवलेली आसा माज्या टोपलीच्या बाजूक."

मी मनूला जाऊन सांगितलं. पेटीच्या काचेला हात लावून बसलीय तेव्हापासून.

कोल्हापूरच्या बाईंचा दोनदा फोन येऊन गेला. मी अजून उलट फोन केलेला नाही.