माझ्या वरातीत वाजलेलं पत्र

अप्पा, काल धाकटा आला होता आणि तुमचं नाव घेऊन मला अडवून गेला, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होता तेव्हा तुमच्याशी भांडायची सोय नव्हती. तुम्ही बोलायचं आणि आम्ही ऐकायचं, आणि ऐकून झालं की आईनं ताट वाढायचं, एवढाच आपल्या घरचा संवाद. आता तुम्ही मध्ये बोलणार नाही, तर मी सगळं बोलून घेते.

धाकटा तेरखेड्याहून कळंबला मोटारसायकलवर आला, पाणी प्यायला, आणि टेबलावर चष्म्याच्या डबीखाली ठेवलेल्या केनियाच्या पत्राकडं बघत म्हणाला, "आक्का, एकदा जाऊन आलीस, हौस झाली. आता पुन्हा काय? तेबी दोन वर्षं?"

मी म्हटलं, "त्यांनी बोलावलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"लोक मला इचारतेत, तुझी बहीण आफ्रिकेत शिकवाय गेलती का काठीनं चेंडू बडवाय गेलती?"

"दोन्हीला, म्हणून सांग."

ह्यांचं हसू आतून ऐकू आलं. हे, पेपर बाजूला न करता, म्हणाले, "माझ्या गोळ्यांची डबी भरून जा म्हणजे झालं. भात मला लावता येतो." धाकट्याला ते आवडलं नाही. भाऊजींनीच असं बोलल्यावर त्याच्याकडं एकच शस्त्र उरलं. उठता उठता तो म्हणाला, "आप्पा असते तर पाठवलं असतं का? खरं सांग."

अप्पा, त्या बिचाऱ्याला माहीत नाही तो काय बोलून गेला. तुम्ही पाठवलं असतं का, हा प्रश्न माझ्यासाठी प्रश्न नाहीच. तुम्ही काय केलं होतं ते मला माहीत आहे. आईनं सांगितलंय.

तीन वर्षांपूर्वी, शाळेतून निवृत्त झाल्यावर, मी पहिल्यांदा केनियाला निघाले तेव्हाची गोष्ट. एका लहान गावातल्या मुलींच्या शाळेत वर्षभर विज्ञान शिकवायचं, पगार नाही, राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. आईला सांगायला तेरखेड्याला गेले. ती बाजेवर बसून लसूण सोलत होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "जा बाई. तुझं बोलावणं एकदा आलतं. तवाच जायाचं होतं तू."

"कसलं बोलावणं, आई?"

"त्या सोलापूरच्या बाईचं पत्र आलतं की. इंग्लिशमधी. ह्यांनी पोष्टातल्या मास्तरांकडून वाचून घेतलं. समुद्रापल्याड शाळा हाय, पोरीला दोन वर्षं धाडा म्हणून. कागद चांगला जाड होता. ह्यांनी त्याच्या नळ्या वळल्या." तिनं लसणाची पुढची पाकळी उचलली. मग ती म्हणाली, "तुझ्या वरातीतल्या माळंत गेला तो."

मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं तेच सांगितलं, अगदी सहज. आपल्या फटाक्यांच्या घरात कागद म्हणजे नळीच ना. माझ्या जुन्या वह्या, पेपर, लग्नपत्रिका, सगळ्याच्या पट्ट्या कापायच्या, खळ लावायची, सळईवर वळायचं, उन्हात वाळवायचं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातले चिटोरे गोळा करायची, एखाद्यावर अर्धा शब्द सापडला की बाकीचा ओळखायचा खेळ खेळायची. वरातीच्या दुसऱ्या दिवशी मी चिटोरे गोळा केले नाहीत, अप्पा. नवरीनं रस्त्यातला कचरा कशाला उचलावा. उचलला असता तर माझ्या सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांचं अक्षर मी अर्ध्या शब्दावरून ओळखलं असतं.

तुम्हाला आठवत असेल तर आठवा. बी.एस्सी. झाल्यावर सिस्टर मला म्हणाल्या होत्या की त्यांच्या मंडळाची आफ्रिकेत शाळा आहे, विज्ञानाला बाई हवी आहे, मी तुझ्या वडिलांना लिहिते. मी घरी येऊन वाट बघत बसले. रोज पोस्टमनच्या सायकलीची घंटा वाजली की दारात जायची. तुम्ही मला दारात जाताना बघत होता. एक शब्द बोलला नाहीत. दोन महिन्यांत माझं लग्न लावलंत. वरातीत ती माळ वाजली ती तुम्ही स्वतः बसून केलेली होती, सगळं गाव म्हणत होतं की अशी माळ तेरखेड्यातसुद्धा कुणी ऐकली नाही, आणि मी, शहाणी कॉन्व्हेंटची मुलगी, मी टाळ्या वाजवल्या. बापानं आपल्यासाठी केली म्हणून.

नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं होतं. त्या काळात कितीतरी बाप नाही म्हणायचे, मुली रडायच्या, गप्प बसायच्या. मीही बसले असते. पण तुम्ही मला नाही ऐकूसुद्धा दिलं नाहीत. आणि माझा राग तेवढ्यावर थांबत नाही. मला वाटलं सिस्टर विसरल्या. माझ्यापेक्षा हुशार कुणीतरी सापडली असेल, शहरातली, असं मी मनाशी धरलं. लग्नाला त्यांचं भेटकार्ड आलं ते मी फाडून टाकलं. पुढं सोलापूरला कितीदा गेले, शाळेच्या फाटकावरून गेले, आत गेले नाही. त्या वारल्याचं कळलं तेव्हा एक तासाच्या अंतरावर होते आणि गेले नाही. ज्या बाईनं मला इंग्रजी दिलं, ताठ बसायला शिकवलं, तिच्यावर मी जन्मभर रुसून राहिले, आणि तिला वाटत राहिलं असेल की मुलीनं साधं उत्तरही दिलं नाही. त्या रागाचे धनी तुम्ही होता. तो तुमच्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली, आणि पोचला तेव्हा तुम्ही नव्हता.

मला न्याय करता येतो, अप्पा, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. मला त्या शाळेत घातलंत तेही तुम्हीच. सातव्या वर्षी वसतिगृहात ठेवलंत, कारण पोरीच्या हाताला फटाक्यांच्या दारूचा वास लागायला नको. तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं भाजून आखडलेली होती, त्यामुळं मी काही विचारलं नाही. पहिल्या सुट्टीत मी घरी आले, शाळेचे काळे बूट घालून, टाचेला लोखंडी नाल मारलेले. ते टकटक वाजायचे याचा मला कोण अभिमान. तुम्हाला दाखवायला मी धावत थेट शेडमध्ये शिरले. तुम्ही दारू ठासत होता. लाकडी ठोकणी खाली ठेवलीत, अगदी सावकाश, उठलात, मला बगलेत धरून पन्नास पावलं बाहेर नेलंत, आणि तिथं नेऊन मुस्काटात मारलीत. "लोखंड घिऊन आत येतीस? ठिणगी पडली तर सगळी मरू की!" मग खाली बसून, त्याच हातानं, माझ्या बुटांचे नाल उचकटून काढलेत आणि टायरचं रबर ठोकून दिलंत. वसतिगृहात मी एकटीच होते जिचे बूट वाजायचे नाहीत. मला त्याची लाज वाटायची. आज मला त्या बुटांची आठवण आली की मी तुम्हाला माफ करायला निघते, आणि मग मला त्याचाही राग येतो, की तुमच्यावर सरळ रागवायलाही तुम्ही जागा ठेवली नाहीत.

आणि तुमचं ते वाक्य. "मान खाली, हात हलका." शेडमध्ये सगळ्यांना हेच सांगायचात. घरात मला फक्त पहिलं अर्धं. जत्रेत तुम्ही आतषबाजी करायचात, मी आईजवळ लांब उभी. सगळं गाव वर बघत असायचं, आणि तुम्ही एकटे खाली. मी विचारलं होतं, अप्पा, तुम्ही का नाही बघत? तुम्ही म्हणालात, "वर बघाय लोक हायेत. आपली नजर पुढच्या वातीवर." मला ते फार मोठं वाटलं होतं. बरीच वर्षं मी तशीच जगले, नजर पुढच्या वातीवर. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, शाळेची तपासणी. वर काय उडालं ते मी कधी पाहिलं नाही.

केनियातली माती लाल आहे, आपल्यासारखी काळी नाही. पण धूळ तीच. मी वर्गात पहिल्याच आठवड्यात ज्योतीचे रंग दाखवले. तांब्याचा निळा-हिरवा, मिठाचा पिवळा. मुली बाकावर उभ्या राहिल्या. कुणीतरी विचारलं, टीचर, हे तुम्ही कुठं शिकलात? मी म्हटलं, घरी. म्हणजे बघा, तिथंही तुम्ही माझ्याआधी पोचला होता. त्या मुली मला 'म्वालिमू' म्हणायच्या, त्यांच्या भाषेत शिक्षक. बाविसाव्या वर्षी ते ऐकलं असतं तर मी कोण झाले असते, हे मला माहीत नाही. साठीला ऐकलं आणि मी रात्रीच्या जेवणात दोन चपात्या जास्त खाल्ल्या. ते लोकही चपातीच म्हणतात, अप्पा. तुम्हाला समुद्रापल्याड काय असेल याची एवढी भीती वाटली, तिथं चपाती होती.

शाळेच्या भिंतीला लागून एक जुनं गोल्फचं मैदान आहे. श्रीमंतांचं म्हणून काही वाटत नाही, गाई चरतात. चेंडू जिथं शेवटी भोकात ढकलायचा तिथं हिरवळ ठेवायला पाणी नाही, म्हणून तेल शिंपडलेली वाळू पसरतात आणि खेळून झालं की आपल्या पायांच्या खुणा आपणच फळीनं पुसायच्या. मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, माझ्याच वयाच्या, दर शनिवारी खेळायच्या. मला म्हणाल्या, चल. त्यांचे जुने बूट दिले, तळाला लोखंडी खिळे असलेले. मी ते हातात घेऊन उभी राहिले. पाय आत जाईना. त्यांना वाटलं माप लहान आहे.

शिकणं सोपं नव्हतं. साठीच्या गुडघ्यांनी नवीन काही शिकणं म्हणजे रोज थोडा अपमान गिळणं. माझा चेंडू चार पावलं घरंगळायचा आणि गाय त्याच्याकडं बघायची. मोठ्या बाई मागून ओरडायच्या, "मान खाली! वर बघतेस तू. खाली! हात सैल सोड, हलका!" एक दिवस मी काठी फेकली. इंग्रजीत ओरडले, "जन्मभर हेच ऐकलंय मी! इथंही हेच ऐकायला आले का?" मुली भिंतीवर बसून बघत होत्या. मोठ्या बाईंनी काठी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अगं, चेंडूला लागेपर्यंतच. मग वर बघायचं. बघायलाच पाहिजे. नाही बघितलंस तर तो कुठं गेला कसं कळणार? गवतात शोधायला मी येणार नाही, माझी पाठ दुखते."

अप्पा, हे तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं का? की तुम्हाला माहीत होतं आणि मला अर्धंच सांगितलंत?

लोक मला म्हणतात, झालं ते बरंच झालं, उशिरा का होईना मिळालं. मला हे ऐकून अंगाची आग होते. उशिरा मिळालं ते उशिराच मिळालं. शाळेच्या टेकडीवर मी चार ठिकाणी थांबत चढते. जी बावीस वर्षांची मुलगी ती टेकडी धावत चढली असती, तिला तुम्ही पट्ट्या कापून सळईवर वळलंत. त्या वर्षानं मला खूप दिलं, ते मोजायला बसणार नाही. पण त्यानं तुमचं काही फिटलं नाही.

तरी आठ दिवस झाले, पत्र आलंय आणि मी उत्तर दिलं नव्हतं. धाकट्यानं विचारलं तेव्हा मला चटका बसला तो यासाठीच. पत्र दाबून मीही बसले होते. तुमच्यासारखीच. घाबरून. पुन्हा टेकडी चढता येईल का, ह्यांचं कसं होईल, आणि खोल कुठंतरी, अप्पा काय म्हणतील. साठी उलटलेल्या बाईला. म्हणून आज सकाळी, हे लिहायला घेण्याआधी, मी केनियाला हो कळवलं. धाकट्याला उद्या फोन करीन. हे पत्र मात्र तुमच्या फोटोमागं ठेवणार नाही, आणि त्या घरात तर कुठंच नेणार नाही. तुमच्या घरातल्या कागदावर माझा भरवसा नाही. ते गोल्फच्या पिशवीच्या कप्प्यात राहील.

एक सांगायचं राहिलं. काठी फेकल्यावर तीनेक आठवड्यांनी माझा पहिला चेंडू सरळ उडाला. लागेपर्यंत मान खाली होती, हात हलका होता. मग मी वर बघितलं. निळ्यावर पांढरा ठिपका, चढत चाललेला, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अप्पा!"

मोठ्या बाईंनी विचारलं, याचा अर्थ काय? मला लाज वाटली. मी खोटं सांगितलं. म्हटलं, चेंडू सरळ गेला की आमच्याकडं असं म्हणतात. भिंतीवरच्या मुलींनी ते ऐकलं. आता त्या मैदानावर कुणाचाही चेंडू सरळ गेला की त्या सगळ्या वर बघून एका सुरात तेच ओरडतात.

मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.