मांडीचं कौतुक

अण्णा,

आज थाटीपुरला लेकीच्या नव्या घरी गेले होते, आणि परतल्यापासून तुमच्यावरचा जुना राग पुन्हा वर आला आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो काही शिळा होत नाही.

मी तुम्हाला माझी किडनी दिली. ऑपरेशननंतर तुमच्या पोटाची जखम पिकली, टाके उसवले आणि आत माझी किडनी उघडी पडली. झाकली नाही तर काढावी लागेल, असं प्लास्टिक सर्जन म्हणाले. मग त्यांनी तुमच्याच मांडीचा स्नायू, त्याची रक्तवाहिनी न तोडता, वर वळवून त्या खड्ड्यावर बसवला आणि वरून कातडी लावली. किडनी वाचली. मला वाटलं, आता तरी अण्णा माझं नाव घेतील.

तुम्ही घरी आलात. नई सडकेवरचे तुमचे दुकानदार मित्र भेटायला आले आहेत, मी चहा घेऊन दारात उभी आहे, आणि तुम्ही सदरा वर करून दाखवताय, "देखो, अपनी ही जांघ का है. किसी का एहसान नहीं." कुणीतरी विचारतं, "और किडनी? बेटे ने दी?" तुम्ही माझ्याकडे पाहता. "हाँ, और कौन देगा," म्हणता आणि माझ्या हातून कप घेता. दादानं तर साधी तपासणीही करून घेतली नव्हती.

नंतर स्वयंपाकघरात मी भांडले, तेव्हा म्हणालात, "अगं, इकडे बेटीच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही. लोक म्हणतील, बेटीचं घेतलं म्हणूनच घाव उघडला." इकडे! आपल्या मराठी घरांत नातवंड झालं की लेकीकडे खुशाल जेवतात, आणि मला तेव्हा दोन मुलं होती. इथल्या हिंदी शेजाऱ्यांची रीत उचललीत ती नेमकी माझ्या वेळी. पाणी चालत नव्हतं, किडनी बरी चालली. याला मी विश्वासघातच म्हणते, अण्णा. पुढे कित्येक वर्षं तो पाय किंचित ओढत तुम्ही महाराज बाड्यापर्यंत फिरून यायचात, आणि वाटेत भेटेल त्याला त्या मांडीचं कौतुक सांगायचात.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. एक मात्र तुम्हालाच सांगते. आज लेकीनं चहा पुढे केला, "आई, घे ना." तिच्या सासूबाई समोर बसल्या होत्या. मी म्हटलं, "नको गं, घरून पिऊन निघाले."

पिऊन निघाले नव्हते.