बेटावरच्या पोथीतली आमची खापरपणजी

तीर्थरूप अस्रातमामांस,

एनानूने दुरूनच तुमच्या दोन्ही गुडघ्यांना ओठ टेकवले आहेत असं समजा. (आधी उजव्या.) तुम्ही कसे आहात? मामी कशी आहे, तिची कंबर कशी आहे? पिठाची गिरणी नीट चालते ना, पट्टा पुन्हा तुटला नाही ना? मुलं, शेजारी, तो खोकणारा भाडेकरू, सगळे बरे आहेत ना? आम्ही देवाच्या कृपेने ठीक आहोत. आई ठीक आहे, तिन्ही भावंडं ठीक आहेत, गाय व्यायली. बाबाही ठीक आहेत, फक्त दहा दिवस झाले ते माझ्याशी बोलत नाहीत. आता पुढचं वाचण्यापूर्वी कृपा करून खाली बसा. मला स्वतःला हे होडीत ओणवी असताना कळलं आणि मी तळ्यात पडता पडता वाचले.

ईस्टरनंतरच्या रविवारी माझं लग्न ठरलं होतं हे तुम्हाला कळवलंच होतं. मुलगा गेतनेत, नदीपलीकडच्या गावचा, सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करतो. (हात फार हलका आहे. माझ्या शाळेतल्या मुलांना टोचायला आला होता, तेव्हा एकही रडलं नाही. हे मी केवळ माहिती म्हणून लिहिते आहे.) दोन्हीकडचे म्हातारे अंजिराच्या झाडाखाली बसले, आणि रीतीप्रमाणे सात पिढ्यांची मोजणी सुरू झाली. सातव्यापर्यंत दोघांचा एक जरी पूर्वज निघाला तरी लग्न नाही, त्यात सूट नाही. पण बाबांनी तिसऱ्या नावानंतर खोकायला सुरुवात केली, आणि गेतनेतच्या वडिलांना, बेझाबिह काकांना, चौथ्या नावाशी अचानक घरची बैलं आठवली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण शंका आली ती गेतनेतच्या शाशितू आत्याला. "पोरगी शिकलेली आहे म्हणता ना?" ती म्हणाली. "मग मठाच्या पोथीत काय लिहिलंय ते तिलाच वाचून येऊ दे. का ती फक्त पाटीवरचंच वाचते?" बाबा म्हणाले, पोथी फार जुनी आहे, मुलीचे डोळे जातील. माझ्या डोळ्यांची त्यांनी एवढी काळजी पूर्वी कधीच केली नव्हती.

आता बेटावरच्या मठात बाईने पाऊल ठेवायचं नाही हे तुम्ही जाणताच. (बाईच काय, तिथे कोंबडीसुद्धा नाही. कोंबडा आहे, एकटाच, आणि त्याचं आरवणं ऐकून वाईट वाटतं.) आणि पोथीने बेट सोडायचं नाही. म्हणून असं ठरलं की पोथी सांभाळणारे अबा तिन्साए पाण्यालगतच्या शेवटच्या कोरड्या दगडावर पोथी घेऊन बसतील, मी लव्हाळ्याच्या होडीतून ओणवी होऊन वाचेन, आणि होडीवाला बांबू रोवून होडी धरून ठेवेल. बरोबर बाबा आणि शाशितू आत्या. होडी काही धरून राहिली नाही. एक ओळ वाचली की आम्ही मागे जायचो, पुन्हा पुढे आलो की मी भलत्याच ओळीवर असायचे. माझा परकर गुडघ्यापर्यंत भिजला. अबा मात्र शांतपणे प्रत्येक वेळी बोट ठेवून म्हणायचे, "इथे होतीस, लेकी."

पोथी शुभवर्तमानाची आहे आणि तिच्या कोऱ्या पानांवर कुणी मठाला कोणती जमीन दिली ते लिहिलं आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीचं एक पान आहे, सोल्याना नावाच्या बाईने ओढ्याजवळचं शेत दिल्याचं. तेच शेत, मामा, ज्याच्या टेफच्या दाण्यांची भाकरी खाऊन आम्ही चौघं मोठे झालो. आणि त्याच पानाच्या कडेला, त्या मानाने ताज्या शाईत, वीस वर्षांपूर्वीचा निवाडा: मुलुगेता, म्हणजे आपले बाबा, हे सोल्यानाचे पाचव्या पिढीचे वंशज आहेत, सबब अर्धं शेत त्यांनी कसावं. खाली साक्षीदार. मी मान वर केली.

"बाबा, हे तुमचं नाव आहे."

"त्या नावाची माणसं पुष्कळ आहेत."

"तुमच्या वडिलांचंही आहे."

"ती पण पुष्कळ असतील. होडी वळव रे!"

होडी वळली नाही, उलट दगडाला जाऊन टेकली, आणि मला पुढची ओळ दिसली. उरलेलं अर्धं शेत बेझाबिह यांनी कसावं, कारण तेही सोल्यानाचे पाचव्या पिढीचे वंशज. म्हणजे मी सहावी, गेतनेत सहावा. शाशितू आत्या किंचाळली, "अगं बाई, हे तर भाऊ-बहीण!" आणि शालीने तोंड झाकून एकदम उभी राहिली. लव्हाळ्याच्या होडीत कुणी उभं राहत नाही, मामा. बाबा पाण्यात गेले. (कमरेएवढंच होतं. पण बाबा बराच वेळ वर आले नाहीत, आणि मला वाटतं त्यांना यायचंच नव्हतं.)

शाळेची सवय जाईना, म्हणून मी मनात भागाकार केला. साडेचारशे वर्षांत सहा पिढ्या. मी झाले तेव्हा बाबा अठ्ठावीस वर्षांचे होते, म्हणजे त्यांच्या आधीच्या पाचही जणांना चौऱ्याऐंशी वर्षांचे झाल्यावर पहिलं मूल झालं. सोल्याना बाईलासुद्धा! मग होडी सावरायला अबांनी हात दिला तेव्हा मी त्या जुन्या पानाची शेवटची ओळ वाचली. भाषा जुनी आहे, म्हणून अबांना अर्थ विचारला. ते माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "मला पोटचे मूल नाही, म्हणून हे शेत देवाला."

म्हणजे खापरपणजी निपुत्रिक होती. बाबा तिचे कुणी नव्हते, बेझाबिह काकाही नव्हते, दोघांनी एकाच मेलेल्या बाईच्या पदराखाली शिरून शेत वाटून घेतलं होतं.

हे फक्त मला आणि अबांना कळलं होतं. नऊ दिवस मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लग्न होईल आणि शेत जाईल, गप्प बसले तर शेत राहील आणि गेतनेत जाईल. मला जेवण जाईना. (उपवासाचे दिवस असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.) सगळ्यात वाईट म्हणजे मी अक्षरं शिकले ती त्याच शेताच्या टेफवर. जे खोटं बोलून बाबांनी मला शिकवलं, तेच खोटं मी शिकल्यामुळे वाचू शकले. रात्र रात्र मी स्वतःलाच विचारत होते की अशा मुलीला काय म्हणतात.

रविवारी दोन्ही बाप पंचांपुढे बसले. दोघांनाही वाटत होतं की आपण सोल्यानाचे कुणी नाही हे दुसऱ्याने कबूल करावं म्हणजे लग्नही होईल आणि आपलं शेतही वाचेल. बाबा म्हणाले, "बेझाबिह, सोल्यानाच्या घरात असलं नाक कधी कुणाला नव्हतं." ते म्हणाले, "तू तिचं नाक पाहिलं होतंस का? तुझा आजा तर उत्तरेकडून मिठाच्या लाद्या पाठीवर घेऊन आला होता!" "आणि तुझा आजा त्या लाद्या चोरत होता!" "म्हणजे मीठवाला होता हे तुला कबूल आहे!" पंच खूश होते, त्यांनी दारूचा दुसरा घडा मागवला. गेतनेत कोपऱ्यात बसून स्वतःची बोटं मोजत होता. मग मी उठले आणि अबांकडून उतरवून आणलेली ती शेवटची ओळ वाचून दाखवली. आवाज इतका चिरकला की पुन्हा वाचावी लागली.

बाबा म्हणाले, "मी तुला शाळेत घातलं ते माझी पत्रं वाचायला." त्यानंतर ते बोललेले नाहीत. बेझाबिह काकांबरोबर मात्र रोज संध्याकाळी बसतात आणि दोघं मिळून मला नावं ठेवतात. एवढं त्यांचं पूर्वी कधी जमलं नव्हतं. यंदाचं पीक काढून शेत मठाला परत करायचं आहे. लग्न ठरल्या दिवशी आहे. मी सुखी आहे, असं मला वाटतं, पण घास घेताना अजून हात थांबतो.

मामीला नमस्कार, मुलांना गोड पापे, गिरणी सांभाळून वापरा.

तुमची आज्ञाधारक भाची,
एनानू मुलुगेता

ता. क. निवाड्याखाली साक्षीदारांत दुसरं नाव तुमचं आहे. अबा म्हणाले की खोट्या शपथेचं प्रायश्चित्त उरकल्याशिवाय तुम्हाला लग्नात चर्चमध्ये उभं राहता येणार नाही. तेव्हा चार दिवस आधी या आणि गुडघ्यांखाली घ्यायला काहीतरी मऊ आणा. मी रागावलेली नाही. म्हणजे होते, पण आता नाही.

आणखी एक, आणि खरं तर मी पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं. त्या रविवारी पंचांनी दोन्ही घरांची मोजणी पुन्हा केली, या वेळी खऱ्या नावांची. बाबांची बाजू निघाली मिठाच्या लाद्यांपर्यंत, तिथे काही अडचण नाही. आईने तिच्या माहेरची, म्हणजे तुमचीच, नावं सांगितली: माझ्याकडून पाचवा अबेजे, त्याचा बाप बिरु, त्याचा बाप वेल्दे-गियोर्गिस, त्याचा बाप देजेन. गेतनेतच्या आईकडेही शेवटी देजेनच निघाला, तोच. त्याच्याकडून तो सातवा, माझ्याकडून आठवा. पंच म्हणाले, आठवा म्हणजे सुटलो, आणि उठून गेले. पण घरी आल्यावर माझ्या मनात आलं की आपल्याकडे प्रत्येकाला दोन नावं असतात, एक घरातलं आणि एक बाप्तिस्म्याचं. बिरु हे घरातलं वाटतं. वेल्दे-गियोर्गिस हे बाप्तिस्म्याचं. दोन्ही मिळून माणूस एकच असेल तर देजेन सातवा होतो. आईला विचारलं तर म्हणाली, "मेलेल्याला किती नावं होती ते बघत बसू नकोस, कांदे चीर." आजोबांबरोबर गुरं राखताना ही नावं तुम्ही पाठ केली होतीत, आणि आता ती नीट ठाऊक असलेले तुम्ही एकटेच उरला आहात. तेव्हा नीट आठवून, देवाला स्मरून, खरं खरं सांगा: ते दोन होते की एक?

दोन असतील तर लगेच कळवा. एक असेल तर घाई नाही. या दिवसांत आमच्याकडे टपाल नीट पोचत नाही.