मुलगा कुठं राहतो

इमाबारी,
११ ऑक्टोबर २००९

चि. मोरिहिको यास,
अ. उ. आ.

फोनवर आपण बहीण-भाऊ नुसते भांडतो, आणि ठेवल्यावर कामाचं काय बोललो ते दोघांनाही आठवत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबांचा खुबा आता सांधलाय. काठी घेऊन चालतात, मधूनमधून ती माझ्यावर उगारतात, म्हणजे तब्येत छानच म्हणायची. मी रोज सायकलवरून त्यांचं जेवण पोचवते. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकायला वेळ कुणाला आहे?

आता एक सांगते, चिडू नकोस. करकचेरीतून बाबांना चौकशीचं पत्र आलं होतं. अकरा वर्षांपूर्वी मुलगा परदेशी राहायला गेल्याची नोंद आहे, पण गेल्या वर्षी तो पाच महिने तुमच्याकडं होता. तर तो नक्की राहतो कुठं, घरात त्याची खोली आहे का, सामान आहे का, असे प्रश्न. तू ते पाच महिने बाबांना उचलून न्हाणीघरात नेत होतास, हे कचेरीला काय ठाऊक! मला न विचारता बाबांनी चांगली दोन पानं उत्तर लिहिलं. मुलाची खोली वरच्या मजल्यावर, दक्षिणेकडची. ऊन पडलं की त्याची गादी वाळत घालतो. त्याचं टेबल, बेसबॉलचा हातमोजा, सगळं जागच्या जागी आहे. तो केव्हाही येईल. खाली सहीऐवजी तीन ठिकाणी आपल्या नावाचा शिक्का.

वर बाबा स्वतः बसनं जाऊन कचेरीच्या खिडकीवर देऊन आले, सोबत संत्र्यांची पिशवी. कारकुनानं संत्री घेतली नाहीत म्हणून दिवसभर गाल फुगवून बसले होते. उत्तराची नक्कल पाठवते आहे. वेळेवर जेवत जा.

तुझी,
यासुएताई


हायफाँग,
२४ ऑक्टोबर २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चिडलो नाही. खरं सांगायचं तर चिडायला अंगात त्राणच नाही. दिवसभर जहाजाच्या पोटात वाकून वेल्डिंगचे जोड तपासायचे, आणि खोलीवर आलो की बूट काढायचाही कंटाळा येतो.

मी कुणाचा नोकर नाही, कंत्राटी माणूस. माझी बाजू कुठली कंपनी मांडणार नाही. नियम असा आहे की माझं बिऱ्हाड इथलं ठरलं तर इथल्या कमाईचा कर इथंच संपतो. घर तिथलं ठरलं तर सगळ्या कमाईवर तिथंही द्यायचा. नुसते दिवस मोजून भागत नाही, माणसाचं ठाण कुठं आहे ते बघतात. अकरा वर्षं माझी भाड्याची खोली, माझा डॉक्टर, माझा न्हावी, सगळं इथं आहे. पण माझं कराचं काम बघणाऱ्या सल्लागार बाईंनी बाबांचं उत्तर वाचलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाल्या, तुमच्याविरुद्ध मी स्वतः लिहायला बसले असते तरी इतकं पक्कं जमलं नसतं.

आता आतली गोष्ट. मार्चमध्ये कंत्राट संपलं की मी कायमचा परत यायचं ठरवलंय. बाबांना मुद्दाम बोललो नाही, उगाच दिवस मोजत बसतील. पण मागचा कर एकदम अंगावर आला तर साठवलेलं सगळं जाईल आणि आणखी दोन वर्षांच्या कंत्राटावर सही करावी लागेल. माणूस केव्हाही येईल असं लिहून बाबांनी माझं येणंच अडवून ठेवलंय. बाई म्हणतात, खोटं काही लिहायचं नाही. खोली खरोखर रिकामी करा आणि बाबांकडून नवं उत्तर घ्या. बाबांना तूच सांग. मला धीर होत नाही.

लोभ आहे तसाच असू दे, सध्या त्याची फार गरज आहे.

तुझा,
मोरिहिको


इमाबारी,
१५ नोव्हेंबर २००९

चि. मोरिहिको यास,
अ. उ. आ.

तुला धीर नाही आणि मला आहे, हे कुणी ठरवलं रे? थोरलं होऊन जन्माला यायची हौस मला नव्हती.

सांगितलं मी. मार्चचंही सांगून टाकलं, त्याशिवाय ते ऐकणारे नव्हते. जेवता जेवता ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर तुझी सारी खोली अंगणात. त्या खुब्यानं, काठी टेकत, एकेक वस्तू जिन्यावरून खाली आणलेली! मोठं सामान नेणाऱ्या कचरागाडीसाठी लावायच्या, पैसे भरल्याच्या चिठ्ठ्या दुकानातून विकत आणून टेबलावर, गादीवर नीट चिकटवल्या होत्या. मी गादी तरी माझ्या घरी नेते म्हटलं, तर म्हणाले, तुझ्या घरी नेलीस तर कचेरीवाले तुलाही विचारायला येतील. मी फाटकाशी सायकल धरून रडले. मग आत जाऊन तुमच्या दोघांच्या नावानं मनसोक्त ओरडले.

कचेरीतला माणूस परवा येऊन रिकामी खोली बघून गेला. नवं उत्तर बाबांनी लिहून दिलं. तुला हवं होतं तसं झालं. मला मात्र अजून त्या जिन्यानं वर जाववत नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
यासुएताई


इमाबारी,
२ डिसेंबर २००९

चि. मोरिहिको यास,
आशीर्वाद.

मी तुझं नुकसान करत होतो असं यासुए म्हणाली. मला ते कळलं नाही, मनाला लावून घेऊ नकोस.

कचेरीतला माणूस भला होता. त्यानं एवढंच विचारलं, की मुलगा या घरात सलग वर्षभर शेवटचा कधी राहिला? मी बोटांवर मोजलं. अठराव्या वर्षी तू कोबेला काम शिकायला गेलास, मग या गोदीतून त्या गोदीत, मग तिकडं. बत्तीस वर्षं झाली. सगळ्या कचेरीला ठाऊक होतं, फक्त मलाच कुणी कळवलं नव्हतं. तेव्हा दुसऱ्यांदा लिहिलं ते तुझ्यासाठी खोटं लिहिलं असं समजू नकोस. मुलगा हायफाँगला राहतो असं लिहिलं, आणि शिक्का एकदाच मारला.

त्यांनी ते मान्य केल्याचा कागद आज आला, तो सोबत आहे. आता दोन वर्षांची सही करायचं कारण उरलं नाही.

परत आलेल्या माणसानं चौदा दिवसांत नगरकचेरीत राहायला आल्याचं लिहून द्यावं लागतं. तो कोरा अर्ज मी मागून आणलाय. तुझं नाव, घराचा पत्ता, घराचा प्रमुख मी, नातं मुलगा, एवढं भरून ठेवलं. राहायला आल्याची तारीख मात्र मला लिहिता येत नाही म्हणे, ती ज्याची त्यानं लिहायची.

लोभ आहेच. तारीख तेवढी तू येऊन भर.

बाबा