बाईसाहेबांचं नाक

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. दीड वर्षानं माझं अक्षर पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. मी ठणठणीत आहे. घड्याळं दुरुस्तीला येतात, म्हणजे दुकान बरं चाललंय.

पत्राचं कारण आईची मांजर, आपल्या बाईसाहेब. बाईसाहेबांचे डोळे आठवडाभर गळत होते. आधी नुसतं पाणी, मग पिवळट चिकट घाण, सकाळी पापण्या चिकटलेल्या. नाकाची धार वेगळीच. शिंकली की भिंतीवर नक्षी. त्यात दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हा माझं धाबं दणाणलं. टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "दोघांपैकी पेशंट कोण?"

डोळे माझेही वाहत होते ना. मी म्हटलं, "तिचंच लागलं असेल मला."

"मांजराची सर्दी माणसाला सहसा लागत नाही. तुम्हाला हे किती दिवस?"

"दीड वर्ष."

"आणि मांजराबरोबर कधीपासून राहताय?"

मी छताकडे पाहिलं.

तर ताई, तिला सर्दी झालीय, आणि मला ती.

तिला थेंब दिलेत. कोमट पाण्यात कापूस भिजवून डोळे पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही आणि वासाशिवाय ते खात नाही, म्हणून खाणं किंचित गरम करून द्यायचं. दिलं. बाईसाहेबांनी तोंड फिरवलं. मग आठवलं, ती आजारी पडली की तू बोटाला लावून भरवायचीस, ते नाकातलं लाडाचं बोलत. मी दार लावून घेतलं आणि तुझा आवाज काढला. तिसऱ्या खेपेला तिनं बोट चाटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शिंपीणबाईंनी विचारलं, "ताई आल्या का हो?"

"नाही," म्हटलं. आणि पत्राचा कागद शोधायला उठलो.

खरं सांगतो. मांजर मला सोसत नाही हे आई गेल्यावर इथं राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. गेल्या महिन्यात एका शिंकेसरशी एका बाईंचं उघडलेलं घड्याळ दुकानभर उडालं. मी गुडघ्यांवर रांगतोय आणि त्या बाकावरून बोट दाखवतायत, "तो बघा चिमुकला स्क्रू, तुमच्या चपलेखाली." तरीही तुला कळवलं नाही. आई गेल्यावर तू मांजर मागितलीस, तेव्हा मी तुला म्हणालो होतो, आईसाठी वेळ नव्हता, आता मांजर कशाला हवी. ते खोटं होतं. दर रविवारी तू दोन बस बदलून यायचीस, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? पण बोलून बसलो, आणि मग वाटत राहिलं, मांजरही नेलीस तर या घरी यायला तुला कारणच उरायचं नाही.

आता ती खातेय. एक डोळा अजून मिचमिचा आहे. औषध शनिवारी संपेल. रविवारी ये. तिला न्यायला ये किंवा मला चार शब्द सुनावायला ये, पण ये. मला माफ कर.

लहानपणी तू ज्या नावानं हाक मारायचीस त्यानं मी फार चिडायचो. आज ते नाव स्वतःच्या हातानं लिहितो आहे.

तुझाच,
शेंबड्या