गिधाड कुहीत उतरलं

सदर, नागपूर
९ जानेवारी २०२५

ती. चंपतमामांस मिनलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. पिंजऱ्यात वाढवून आम्ही जंगलात सोडलेल्या गिधाडांपैकी एक मादी तुमच्या शिवारावर घिरट्या घालतेय. पाठीवरच्या यंत्रावरून कळतं. तुमच्या लहानपणी झाडं भरून बसायची ना ती? दुखण्यावरची डायक्लोफेनॅकची सुई टोचलेली ढोरं खाऊन संपली. जनावरांसाठी त्या सुईवर बंदी आहे, तरी चोरून टोचतात.

एक मागणं आहे. तुमच्याकडे कुणाचं जनावर दुखणाईत झालं, तर ती सुई देऊ देऊ नका. गिधाडांना न बाधणारं औषध माझ्याकडे आहे. मामीनं फोन करावा, मी घेऊन येते. त्या निमित्तानं तरी भाची उगवली, असं ती म्हणेल. म्हणू दे.

हात डोक्यावर असाच असू द्या.
मिनल

कुही
२ फेब्रुवारी

चि. मिनलले मामाचा आशीर्वाद.

आपला लाल्या गेला. वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून घसरून पडला, मागचा खुबा मोडला. डॉक्टर म्हणे, हा बैल आता उठत नाही, आन् तसाच निघून गेला. पडल्या जागी दात खाऊन राहिला होता. मामीनं तुले किती फोन लावले, तू उचलले नाही. शेजारचा ओमप्रकाश तीच सुई घेऊन आला. म्हणे, चंपतराव, टोचू द्या, जीव तरी शांत जाईल. मी त्याचा हात धरला. म्हटलं, भाची औषध घेऊन येऊन राहिली. मामी म्हणे, काहून त्या मुक्या जीवाचा अंत पाहून राहिले? तरी मी नाही म्हटलं. शेवटपर्यंत कण्हत होता.

गावाबाहेरच्या पडीत नेऊन ठेवला. दुपारी पाठीवर यंत्र असलेलं तुह्यं पाखरू उतरलं, पोटभर खाल्लं आन् चांगलं उडून गेलं. तुले कळावं म्हणून लिहिलं.

तब्येतीले जप.
चंपतराव

सदर, नागपूर
७ फेब्रुवारी

ती. मामा, सा. न.

मी जंगलात होते, तिथे फोन लागत नाही. परतल्यावर मामीचे फोन आलेले दिसले. सहज केले असतील, उद्या बोलू, असं म्हणून झोपले. औषध माझ्या पिशवीतच होतं.

आजवर ती आम्ही जंगलात ठेवलेलं मांसच खायला परत यायची; बाहेर स्वतः शोधून खाल्लेलं हे तिचं पहिलंच जेवण. ऑफिसात पेढे वाटले. सगळे माझं अभिनंदन करत होते, आणि ते जनावर माझ्या मामाचं होतं हे माझ्या तोंडून निघालं नाही. मामीला फोन केला, तिनं तो ठेवून दिला. तुम्ही रागावलात का? रविवारी येऊ का?

माया तोडू नका.
मिनल

कुही
१२ फेब्रुवारी

चि. मिनलले आशीर्वाद.

राग नाही वं. सुई टोचू नको म्हणणारा मीच होतो, तू तं इथं नव्हती. उरलेला बैल अजून लाल्याच्या जागेकडे मान करून उभा राहते. मामी त्याले चारा टाकते, माह्याशी बोलत नाही. बोलंल. पण आत्ताच येऊ नको.

पत्र मात्र लिहीत जा. फक्त पाखराचं लिहू नको. तुह्यं लिही.

मामा