फोटोचा डावा कोपरा

पनवेल,
ता. ११ डिसेंबर १९५८

तीर्थरूप बळीराममामांच्या पायांवर पनवेलहून आनंदाचं डोकं, आणि सोनाबाईमामींच्याही (त्यांनी पाय मागे घेतले नसतील तर). मी इथं बरा आहे. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? मामींचा खोकला, काळी शेळी, ओटीची गळती, सगळ्यांची विचारपूस समजावी. सत्यवतीच्या तब्येतीचं मी विचारत नाही, कारण मागच्या पत्रात विचारलं तेव्हा तुम्ही उलट कळवलंत की तुला काय करायचंय. पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवते, तेव्हा आवाज ठीक असेल तर तब्येतही ठीकच, एवढं मी माझं समजून घेतो. (सत्या, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. कंस म्हणजे घरातली आतली खोली, पाहुण्यांनी तिथं यायचं नसतं.)

तुमचं कार्ड पोचलं. प्रदर्शनातल्या फोटोत चिखलात उभा असलेला तो जगन कसा आहे, घरचं कसं, व्यसन आहे का, तू त्याच्याबरोबर एका खोलीत राहतोस तर खरं काय ते कळव, आमच्या सत्याचं बघायचं आहे, असं तुम्ही विचारलंय. अक्षर सत्याचंच होतं. 'मुलगा' हा शब्द तिनं फार वळण देऊन काढलाय. माझ्या नावावर मात्र शाईचा डाग पडला होता. असो, मला काही वाटलं नाही. तुम्ही बाजाराला आला होतात तेव्हा त्या फोटोसमोर किती वेळ उभे होतात, हे मी पाहिलं आहे. मामींना परत हाताला धरून आणून दुसऱ्यांदा दाखवलात. मी तिथंच दाराशी तिकिटं फाडत होतो. पुढं येऊन वाकून नमस्कार केला, तर तुम्ही म्हणालात, "अरे बाजूला हो, दिसत नाय." तर आता मी बाजूला होऊन, कोणाचीही बाजू न घेता, सगळं सविस्तर कळवतो.

माझं म्हणाल तर मी सध्या कमळाकरपंतांच्या फोटो स्टुडिओत आहे. (लाँचवरची नोकरी सुटली, कारण लाँच सुटली तेव्हा मी धक्क्यावर एकाची माकडं बघत होतो. मागं सर्कस बघताना अशीच एक नोकरी गेली, ते तुम्हाला माहीतच आहे.) इथं काम सोपं आहे. गिऱ्हाइकाची हनुवटी वर करायची, मुलं रडली तर खुळखुळा वाजवायचा, आणि मागचा पडदा सरळ धरायचा. पडद्यावर एक राजवाडा रंगवलाय आणि त्याच्यामागं कर्नाळ्याचा सुळका. आता कर्नाळ्याजवळ राजवाडा कुठून आला, हे मी पंतांना विचारलं तर म्हणाले, "तू पडदा धर." मागच्या खोलीत मी आणि जगन झोपतो. जगन मिठाच्या वखारीत गोणी उचलतो. त्याच्या घरचं शेत खाडीकाठी, उधाणाच्या भरतीला बांध फुटला आणि सगळं खाऱ्या पाण्याखाली गेलं. पाच गावांची तीच गत. तेव्हा तो कमवायला पनवेलीत आला. मी का आलो ते आता आठवत नाही.

त्या पाच गावांच्या मदतीसाठी इथल्या वकील-डॉक्टर मंडळींनी एक टूम काढली. तालुक्यातल्या पुढाऱ्यांची फोटोची स्पर्धा. विषय ठेवला 'न खचणं'. नियम असा की पुढाऱ्यानं फोटो स्वतःच्या हातानं काढायचा. मग प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली एक डबा. ज्याला जो फोटो आवडेल त्यानं त्या डब्यात पैसे टाकायचे, जो डबा जड तो पहिला, आणि सगळे डबे बांधासाठी. पुढारी आमच्याकडं कॅमेरा शिकायला आले. मामा, या लोकांना कॅमेऱ्याच्या मागं उभं करणं म्हणजे बैलाला गाडीत बसवण्यासारखं आहे. धर्मराजशेठना मी तीन वेळा मागं आणून उभं केलं, तिन्ही वेळा ते बोलत बोलत पुढं जाऊन टोपी नीट करून उभे राहिले. शेवटी विचारतात, "पण मी हिकडं, मंग फोटोन कोण?" त्यांचे हाडवैरी दयारामअण्णा. त्यांना पंतांनी शिकवलं की सूर्य पाठीशी ठेवा. त्यांनी ठेवला, संध्याकाळचा. फोटोत फुटका बांध आणि त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अण्णांचीच सावली, टोपीसकट. पंत म्हणाले, हा फुकट गेला. अण्णा म्हणाले, यासारखा दुसरा होणे नाही, आणि खाली नाव घातलं, 'मी आहे'.

आता जगनकडं येतो. (यायलाच पाहिजे का?) त्या दिवशी मी धर्मराजशेठबरोबर कॅमेरा घेऊन बांधावर गेलो. भरती चढत होती. फोटो तुम्ही पाहिलाय, तरी सांगतो. जगन मांडीपर्यंत चिखलात, तोंड उघडं, एक हात आभाळाकडं, दुसऱ्या हाताची मूठ खाली झुडपाशी आवळलेली, आणि मागं चढतं पाणी. खाली शेठनी नाव घातलंय, 'सागरास ललकारी'. लोक म्हणतात काय तो धीर, काय तो आवेश. मामा, मी हे सगळं फार जवळून पाहिलं आहे, माझ्याइतक्या जवळून दुसरं कोणीच नव्हतं. ती ललकारी नव्हती. तो म्हणत होता, "दोर टाका रं!" पाय रुतले होते त्याचे! (तो चिखलात उतरलाच कशाला, हे सांगण्याचं इथं कारण नाही.) आणि तो हलला नाही हे खरं, पण हलता येत नव्हतं. हलता येत नसताना न हलणं यात कसली मर्दुमकी? उद्या तुमच्या दारातल्या चिंचेला हार घालाल.

आणि तो इतका वेळ का उभा राहिला? तर त्या कॅमेऱ्यात वरून वाकून काचेत बघायचं असतं, आणि काचेत डावं ते उजवं दिसतं. शेठ जगनला काचेत आणायला डावीकडं वळले की जगन काचेबाहेर पळायचा. परत उजवीकडं, परत बाहेर. शेठ ओरडले, "ए, जरा थांब की रं एका जागी!" बिचारा आणखी कुठं जाणार होता? पाणी कमरेला लागायला आलं तेव्हा एकदाची कळ दाबली गेली, आणि मग शेठना सुचलं की दोर टाकावा. दुसऱ्या दिवशी ही बातमी कळून दयारामअण्णा वखारीत आले आणि जगनला म्हणाले, आमच्यासाठी परत एकदा रुतशील का? जगन सरळ माणूस, रागावलासुद्धा नाही. म्हणाला, "रुतन वो अण्णा, पन मंग काडाल कोन?"

प्रदर्शनात काय झालं ते तुम्ही अर्धंच पाहिलंत. संध्याकाळी शेठची माणसं आली आणि शेठच्या डब्यात पैसे ओतून गेली. ते पाहून अण्णांची आली. ते पाहून शेठ स्वतः आले. एकमेकांच्या जळफळाटावर बांधाचे पैसे उभे राहिले, बांध फाल्गुनाच्या आत पुरा होणार आहे, आणि जगनचं शेत पाण्याबाहेर येणार. (म्हणजे स्थळ आणखी चांगलं होणार. बघा नशीब.) शेठचा डबा जड झाला. हार त्यांच्या गळ्यात पडला, तो त्यांनी काढून जगनच्या गळ्यात घातला, आणि तेवढ्यात पंतांनी त्याचाही फोटो काढला. तोही पहिल्या फोटोशेजारी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलाय.

तेव्हापासून माझे जे हाल आहेत ते काय सांगू? पोरी पाण्याच्या कळश्या घेऊन काचेसमोर थांबतात. काच मी पुसतो, आणि त्या मला म्हणतात, जरा सरका. हॉटेलात जगनला चहा फुकट, मला म्हणतात मागचे दे. गिऱ्हाइकं येऊन सांगतात की आमचा तसा काढा. कालच एक पोटवाले व्यापारी मुठी आवळून, तोंड उघडून राजवाड्यासमोर उभे राहिले, आणि मी खालून त्यांच्या धोतराला चिखल लावत होतो.

आता त्याचे दोष विचारलेत, ते लिहितो. विडी ओढत नाही. ज्याला एकही नाद नाही तो माणूस संसारात करमणूक काय करणार? पहाटे उठतो आणि दोघांचं अंथरूण गुंडाळतो, मी आत असलो तरी. फुकटचा चहा मिळाला तर अर्धा माझ्यासाठी पेल्यात झाकून आणतो, तो पोचेपर्यंत गार झालेला असतो. विनोद सांगितला तर दुसऱ्या दिवशी हसतो. सत्याला पटकन हसायची सवय. (सत्या, तू आधी हसणार, तो उद्या हसणार, मग दोघं मिळून कधी हसणार? विचार कर.) पाय फार मोठे आहेत. त्याच्या मापाची चप्पल पनवेलीत मिळत नाही. याउपर निर्णय तुमचा. मी भाचा, मामाच्या घरावर भाच्याचा हक्क असतो असं लोक म्हणतात, पण मी कुठं बोललोय? मामींना नमस्कार, शेळीला आशीर्वाद.

तुमचा, कोणाचाही हेवा न करणारा भाचा,
आनंदा

ता. क. वर लिहायचं राहिलं. पंत मला चैत्रापासून कायम करणार आहेत, फोटो धुवायला शिकवणार आहेत. अंधाऱ्या खोलीत काम असतं, तिथं बघायला माकडं नसतात, तेव्हा मी टिकेन. चैत्रापर्यंत सत्याचं कुठं ठरवू नये, ही हात जोडून विनंती. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, बाकी सगळी चौकशी.

ता. क. दुसरा. तुम्ही फोटो बघितलात, पण सगळा नाही बघितलात. परत याल तेव्हा डावा कोपरा बघा. तिवराच्या झुडपामागून काहीतरी काळं वर आलंय, त्याला सगळे मोडकं खोड समजतात. ते खोड नाही, माझा हात आहे! आणि त्यात आहे ती चिंबोरी. एवढा मोठा खेकडा की तुम्ही असतात तर तुम्हीही उतरला असतात. मी कॅमेरा शेठच्या गळ्यात अडकवून तिच्यामागं गेलो आणि छातीपर्यंत आत गेलो. जगनची जी मूठ 'निर्धाराची' म्हणून गाजतेय, तिच्यात झुडपाआड माझ्या सदऱ्याची कॉलर आहे. दोर येईपर्यंत त्यानं ती सोडली नाही, हे कबूल. पण मीही चिंबोरी सोडली नाही. नाकाशी पाणी आलं तरी सोडली नाही! मग न खचणारा कोण, हे तुम्हीच ठरवा. जगनच्या आईनं ती रांधली, आणि दोन्ही डेंगे मलाच वाढले, 'हा घाबारला असल' म्हणून.

ता. क. तिसरा. (सत्या, हा सगळाच कंसात आहे, तेव्हा इथं थांब आणि मामांना सांग की पत्र संपलं. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून हे जगनच्याच हाती पाठवतोय. वखारीच्या कामानं तो तुमच्याच बाजूला, उरणला निघालाय. आत्ता तुमच्या ओटीवर बसला असेल, पाय शक्य तेवढे आत घेऊन. मी त्याच्याबद्दल काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नाही. त्यानं विचारलंही नाही. त्याला पाणी मामींनी द्यावं असं मी लिहिणार होतो, पण तूच दे आणि नीट बघून घे. मग फोटोतला माझा हात आठव. तुला जे वाटेल ते एका चिठ्ठीत लिहून त्याच्याचजवळ दे, चांगलं असो की वाईट. तो वाटेत फोडून वाचायचा नाही. मी असतो तर वाचली असती.)